व्हर्लिन स्टकीचं अंजीर

टॅलो स्प्रिंग्ज गावात फुटबॉलचा डाव आखता येत नाही असा माणूस सापडायचा नाही. न्हाव्याला येतो, दातांच्या डॉक्टरला येतो, बॅप्टिस्ट चर्चच्या पाद्रीबाबांना तर इतका येतो की रविवारच्या प्रवचनात मोशेनं समुद्र दुभंगला, की पाठोपाठ शनिवारी आपल्या पोरांना समोरची फळी का दुभंगता आली नाही, हे येतंच. सगळ्या अलाबामाभर हेच चालतं म्हणतात. अख्ख्या गावात हे काम न येणारा एकच इसम होता आणि कॉलेज पगार नेमका त्यालाच देत होतं, असं गावाचं ठाम मत. त्या इसमाचं नाव व्हर्लिन स्टकी.

व्हर्लिन आक्रमणाचा कोच. अमेरिकन फुटबॉल पायांपेक्षा हातांनीच जास्त खेळतात, आणि चेंडू आपल्याकडे असताना पुढचा डाव कोणता, हे त्यानं ठरवायचं. चेंडू पोटाशी धरून पळायचं की हवेतून फेकायचा, फेकायचा तर कोणाकडे, आणि उरलेल्या पोरांनी कुठे कुठे धावून समोरच्यांना गंडवायचं. शनिवारी स्टेडियमच्या माथ्यावरच्या काचेच्या खोलीत बसायचं, कानाला यंत्र लावायचं आणि खालच्या पोरांना हलवायचं. उंटावरून शेळ्या हाकणं ही इतर धंद्यांत शिवी असते. या धंद्यात ती नोकरी आहे, आणि तिला विमा आणि मोटारही मिळते.

माणूस तसा साधा होता. उंच, लांब मानेचा, शर्टावर कायम मोहरीच्या चटणीचा एक डाग. बोलण्यापेक्षा रेघा ओढण्यात जास्त रमणारा. सकाळी नाश्त्याच्या दुकानात बसला की काकवीची बाटली, मीठ, मिरपूड, केचप अशी सगळी मंडळी टेबलावर रांगेत उभी राहायची आणि मिरपूड मिठाच्या मागून हळूच निसटायची. शेजारच्या टेबलावरचा माणूस मीठ मागायचा, तर व्हर्लिन म्हणायचा, "जरा थांबा, ते आत्ता मोकळं होतंय." बायकोचा हात मोडला होता तेव्हा तिच्या प्लास्टरवरही त्यानं एक डाव काढला होता. लोकांनी तिथं सही करायची असते, एवढंही त्याच्या ध्यानात राहिलं नव्हतं.

डाव सुंदर असायचे, यात शंका नाही. एकाच वेळी पाच पोरं पाच वाटांनी निघायची, कुणी थबकायचं, कुणी वळायचं, आणि कागदावर तरी शेवटी एक जण अगदी एकटा उभा राहायचा. अडचण इतकीच की कागदावर कुणी अंगावर येत नसतं. जॅबरी कोल्स हे चेंडू फेकणारं पोर, म्हणजे संघाचा क्वार्टरबॅक. डोकं शाबूत असलेलं पोर होतं. त्यानं एकदा सरावात हात वर केला.

"कोच, या डावात मी नेमकं करायचं काय?"

"समोरचा राखणदार वाचायचा. तो डावीकडे सरकला तर उजवीकडचा थांबेल, त्याच्याकडे फेक. उजवीकडे सरकला तर मधला वळेल."

"आणि तो सरकलाच नाही तर?"

"मग वाट बघायची."

"त्याच्या शेजारचा तो बैल माझ्या अंगावर येत असताना वाट बघायची, सर?"

"थोडीशीच," व्हर्लिन म्हणाला.

डावांची नावंही तशीच. एकदा जॅबरीनं घोळक्यात उभं राहून डावाचं पूर्ण नाव सांगितलं आणि ते सांगून होईपर्यंत पंचाची शिट्टी वाजली, वेळ संपल्याचा दंड बसला. त्या दिवसापासून गावात एखादा जास्त बोलायला लागला की लोक म्हणायचे, "स्टकी करू नकोस, मुद्द्यावर ये."

आता त्याच्या बायकोविषयी सांगायला हवं, कारण या गोष्टीत हरण्या-जिंकण्यासारखं जे काही होतं ते तिचंच होतं. ओलेटा स्टकी ही या माणसाबरोबर अकरा गावं हिंडली होती. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, पण विंचवाला निदान आजीच्या काचेच्या बश्या सांभाळाव्या लागत नाहीत. या धंद्याची रीतच तशी आहे. संघ हरला की मुख्य कोच आपली मान वाचवायला आक्रमणाच्या कोचची मान पुढे करतो. संघ जिंकला की मोठ्या कॉलेजातून फोन येतो आणि नवरा टोपी उचलतो. म्हणजे हरलात तर हाकलतात आणि जिंकलात तर पळवतात. एका ठिकाणी राहायचं असेल तर बेतानं हरावं आणि बेतानं जिंकावं लागतं, आणि ते अजून कुणाला जमलेलं नाही. ओलेटानं बश्यांचं खोकं उघडायचं सोडूनच दिलं होतं. ते दर गावी माळ्यावर चढायचं आणि दर गावाहून तसंच उतरायचं.

टॅलो स्प्रिंग्जला आल्यावर शेजारच्या मिस फेरिबानं तिला अंजिराची एक काडी दिली. "परसदारी दक्षिणेच्या भिंतीशी लाव. तिसऱ्या उन्हाळ्यात फळ धरेल बघ."

ओलेटाला हसू आलं. तिसरा उन्हाळा तिनं कुठल्याच गावात पाहिला नव्हता. तरी तिनं काडी लावली, थंडीत तिच्याभोवती जुनी गोधडी गुंडाळली, आणि दुसऱ्या वर्षी झाड तिच्या खांद्याला लागलं तेव्हा नवऱ्याला समोर बसवून सांगितलं, "व्हर्लिन, मी तुझ्याकडे आजवर काही मागितलं नाही. मला या झाडाची अंजिरं खायची आहेत. आणून दिलेली नकोत, इथं उभं राहून, झाडावरची. ते कसं जमवायचं ते तू बघ."

व्हर्लिननं मान डोलावली आणि मिठाची बाटली हळूच डावीकडे सरकवली. ओलेटानं ती उचलून कपाटात ठेवली.

डावांच्या लांबलचक नावांवर तोड म्हणून त्या वर्षी कॉलेजनं चित्रांचे फलक आणले. हल्ली सगळीकडे असतात. मैदानाच्या कडेला एक माणूस दारापेक्षा थोडा लहान फलक वर धरतो, त्यावर चार चित्रं. त्यातलं एकच खरं, बाकीची तीन समोरच्यांना चकवायला. एक चित्र म्हणजे एक डाव. ते फलक ओलेटानं जेवणाच्या टेबलावर कात्री आणि डिंक घेऊन बनवले. मांगूर मासा म्हणजे तळाशी तळाशी सरपटत जाणारा आखूड पास. उकडलेल्या शेंगांची पिशवी म्हणजे सगळे घोळक्यात आणि एकच बाहेर. पाद्रीबाबांचा फोटो म्हणजे लांबच लांब फेक, जिचा शेवट कधी होईल ते सांगता येत नाही. त्यामुळे स्टेडियमभर पसरलेल्या सगळ्या जाणकारांत, पुढचा डाव कोणता हे खरोखर ठाऊक असलेली एकच व्यक्ती होती. ती सतराव्या रांगेत गोड गार चहाचा पेला घेऊन बसलेली असायची, आणि तिला कुणी कधी विचारलं नाही.

एक चित्र तिनं अंजिराच्या झाडाचं लावलं होतं. तो डाव व्हर्लिननं लग्नानंतर दुसऱ्याच दिवशी मोटेलच्या रुमालावर काढला होता आणि आजतागायत एकदाही खेळवला नव्हता. त्यात सगळा संघ उजवीकडे धावतो, क्वार्टरबॅकही उजवीकडे धावतो, साहजिकच समोरचेही उजवीकडे धावतात. फक्त डावीकडचा एक धिप्पाड गडी पहिल्याच धडकेत आडवा होतो आणि मेल्यासारखा पडून राहतो. पडलेल्याकडे कोण बघतो? मग तो उठतो, चालत चालत रेषेपलीकडे डावीकडच्या मोकळ्या कोपऱ्यात जातो आणि चेंडू मागे वळून त्याच्याकडे येतो. व्हर्लिनला वाटायचं, फसला तर लोक म्हणतील याचा डाव म्हणजे जमिनीवर झोपणं. ओलेटाला वाटायचं, वर्षानुवर्षं उभं आहे आणि फळ नाही, याला अंजीरच शोभेल.

ते साल बेताचं चाललं होतं. जितके सामने जिंकले तितकेच हरले होते, आणि शेवटचा उरला होता तो नदीपलीकडच्या हॅचर कॉलेजशी. हा सामना हरलो तर आधी जिंकलेले सगळे फुकट जातात. मुख्य कोच ग्रेडी हॅम्रिक हा देखणा माणूस, केस टोपीखालीसुद्धा विंचरलेले. त्यानं व्हर्लिनला खोलीत बोलावलं. खोलीत आधीच टिलरी हॅरल्सन बसला होता. त्याचं ट्रॅक्टरचं दुकान, आणि स्टेडियमचे दिवे त्याच्या पैशांचे.

"व्हर्लिन, तुझ्या डोक्याला तोड नाही, हे मी सगळ्यांना सांगतो," हॅम्रिक म्हणाला.

"मलाही सांगितलं," हॅरल्सन म्हणाला. "मी म्हटलं, डोकं असू दे, पण चेंडू पळवा. माझ्या आजोबांच्या काळापासून चेंडू पोटाशी धरून मधून पळतात. फेकाफेकी कशाला?"

"पळवायला मधे जागा लागते, मिस्टर हॅरल्सन."

"ट्रॅक्टरला जागा लागत नाही. तो करतो."

"तेव्हा शनिवारी हरलो," हॅम्रिकनं खिडकीबाहेर बघत सांगितलं, "तर मला काही बदल करावे लागतील. तू समजूतदार आहेस."

व्हर्लिन समजूतदार होताच. अकरा गावांत त्याला हेच शब्द ऐकवले गेले होते. त्याला स्वतःचं काही वाटलं नाही. फक्त परसातली दक्षिणेची भिंत आठवली. केस कापायला गेलेल्या ओलेटालाही त्याच दिवशी खुर्चीत निरोप मिळाला. केस कापणारी म्हणाली, "मिस ओलेटा, मागून थोडे कमी करते. आणि कोचना सांगा हं, दुसऱ्या प्रयत्नाला पळवा म्हणावं."

शनिवारी सगळं गाव स्टेडियमात होतं. पहिल्या पासापासून ओरडा सुरू झाला: "पळवा, स्टकी, पळवा!" ओलेटाच्या मागच्या रांगेतला दातांचा डॉक्टर तिच्या नवऱ्याला गाढव म्हणाला, मग गाढवाची माफी मागितली. ओलेटा वळली नाही. कोचच्या बायकोनं मागं वळून बघायचं नसतं, हे तिला पहिल्याच गावात एका म्हाताऱ्या कोचच्या बायकोनं शिकवलं होतं. मान ताठ ठेवायची आणि मैदानाकडे बघायचं. इतकी वर्षं ताठ ठेवून ती मान आता थंडीत दुखायची.

शेवटच्या मिनिटात आपण चार गुणांनी मागे होतो. चेंडू शेवटच्या रेषेपासून दोन यार्डांवर, आणि मिळतात त्या चार प्रयत्नांपैकी तीन, मधून पळवायचे, हॅचरच्या फळीनं भिंतीसारखे अडवलेले. आता चौथा आणि अखेरचा. रेष ओलांडली तर सहा गुण आणि जिंकलो, नाही तर घरी.

"पळव," हॅम्रिक कानातल्या यंत्रातून म्हणाला. खाली सगळं स्टेडियमही तेच म्हणत होतं.

व्हर्लिननं काचेतून खाली पाहिलं. हॅचरचे अकराच्या अकरा गडी मधे दाटीवाटीनं उभे होते. पळवलं तर हरणार हे त्याला दिसत होतं. फक्त त्या हरण्याबद्दल त्याला कुणी नावं ठेवणार नव्हतं, नोकरी मात्र तरीही गेली असती. आयुष्यात प्रथमच त्याला वाटलं की हाकलून द्यायचंच असेल तर निदान माझ्या डावासाठी द्या. त्यानं फलकवाल्याला सांगितलं आणि कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं.

फलक वर गेला. मांगूर, टोस्टर, पाद्रीबाबा, आणि खाली डाव्या कोपऱ्यात अंजीर. त्या दिवशी खरं चित्र डावीकडे खालीच असणार होतं. ओलेटाच्या हातातला चहा सांडला. तिनं मैदानाकडे पाहिलंच नाही, ती फलकाकडेच बघत राहिली.

सगळे उजवीकडे धावले. धिप्पाड ऑगी ट्रामेल धडकेसरशी आडवा झाला, आणि इतका खरा पडला की आपल्याच डॉक्टरनं औषधांची पिशवी उचलली. मागच्या रांगेतून शिव्या सुरू झाल्या होत्या. मग ऑगी उठला, कपडे झटकल्यासारखं केलं आणि डावीकडे चालू लागला. जॅबरी वळला. चेंडू सगळ्यांच्या डोक्यावरून संथपणे गेला आणि रेषेपलीकडे ऑगीनं तो दोन्ही हातांनी पोटाशी घेतला. त्याच्या आसपास कुणीही नव्हतं, अगदी कागदावर होतं तसं.

पुढचा गोंधळ सांगण्यात अर्थ नाही. दातांचा डॉक्टर रडला. हॅरल्सननं व्हर्लिनला मिठी मारली आणि म्हणाला, "मी सांगत नव्हतो, फेका म्हणून?" टीव्हीवाल्यांनी हॅम्रिकला विचारलं, हा धाडसी निर्णय कुणाचा. हॅम्रिकनं टोपी काढली, केस तसेच होते, आणि नम्रपणे म्हणाला की अशा वेळी मुख्य कोचला काळजावर दगड ठेवावाच लागतो.

व्हर्लिन घरी पोचला तेव्हा ओलेटा माळ्यावरून खोकी उतरवत होती.

"अगं, आपण जिंकलो."

"म्हणूनच उतरवतेय," ती म्हणाली.

फोन सोमवारी आला. टेक्ससमधलं मोठं विद्यापीठ, चौपट पगार, मोठी काचेची खोली. व्हर्लिन ऐकत होता आणि खिडकीतून परसात बघत होता. ओलेटा तिथं झाडाला गोधडी बांधत होती. कुणासाठी बांधतेय हे तिलाही माहीत नव्हतं. व्हर्लिन म्हणाला, "आभारी आहे, साहेब. पण आमचं अंजीर धरायचंय." पलीकडच्याला वाटलं हा आकडा वाढवण्याचा डाव आहे. त्यानं आकडा वाढवला. व्हर्लिननं फोन ठेवला, बाहेर गेला आणि गोधडीचं दुसरं टोक धरलं. बश्यांचं खोकं त्या दिवशी उघडलं गेलं. त्यात दोन बश्या फुटलेल्या निघाल्या, कुठल्या गावी फुटल्या ते कळायला मार्ग नव्हता. ओलेटा त्या हातात घेऊन हसली आणि मग थोडी रडली. ती खूप सुखात होती.

तो आठवडाही पुरा झाला नाही. टेक्ससवाल्यांना तो डाव हवाच होता. डाववाला येत नाही म्हटल्यावर त्यांनी काळजावर दगड ठेवणाऱ्याला नेलं. आयत्या बिळावर नागोबा. हॅम्रिक डोळे पुसत गेला, आणि त्याच्या जागी नवा मुख्य कोच आला. नवा मुख्य कोच आला की तो आपली माणसं घेऊन येतो, जुन्यांनी खोल्या रिकाम्या करायच्या, ही या धंद्यातली दुसरी रीत. नव्या कोचनं व्हर्लिनचा हात दोन्ही हातांत धरून सांगितलं की तुमच्यासारखा डोकेबाज माणूस पाहिला नाही, आणि टेबल शुक्रवारपर्यंत मोकळं करा.

हरलो असतो तर हाकललं असतं. जिंकून टेक्ससला गेलो असतो तर गेलोच असतो. व्हर्लिननं तिसरी वाट शोधून काढली होती, आणि ती वळसा घेऊन तिथंच आली.

नॉर्थ डकोटातल्या एका कॉलेजचा फोन आला. ओलेटा म्हणाली, "तू जा. मी इथं थांबते. जुलैपर्यंत." ती रागावली नव्हती, म्हणूनच व्हर्लिन घाबरला. दुसऱ्या दिवशी तो हॅरल्सनच्या दुकानात गेला आणि सोमवारपासून ट्रॅक्टर विकू लागला. बरे विकायचा. फक्त नांगरट कशी करायची हे गिऱ्हाइकाला समजावताना तो रेघा फार ओढायचा, आणि गिऱ्हाईक म्हणायचं, "स्टकी करू नका, कोच, किंमत सांगा."

जुलैत झाडानं फळ धरलं. ओलेटानं भिंतीशी उभं राहून, झाडावरचं, कोमट अंजीर खाल्लं. व्हर्लिननं दुसरं खाल्लं आणि विचारलं, "कसं आहे?"

"बरं आहे," ओलेटा म्हणाली, आणि तिसरं तोडलं.

सप्टेंबरात दोघं सामन्याला गेली. व्हर्लिन आयुष्यात पहिल्यांदा तिकीट काढून, सगळ्यांसारखा बाकावर बसला. खालून खेळ फार सोपा दिसतो, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. नवा आक्रमणाचा कोच चष्मिष्ट पोरगा होता आणि सारखा फेकत होता. पहिला पास पडला, दुसरा पडला. मधे जागा तर चक्क दिसत होती. व्हर्लिनची मान लांब झाली, चेहरा तापला, आणि तो उभा राहून घशाच्या शिरा ताणून ओरडला, "अरे पळवा ना! पळवा!"

दातांच्या डॉक्टरनं त्याच्या पाठीवर थाप मारली. "शाबास. आता बोललात, कोच."

ओलेटानं त्याचा कोट धरून त्याला खाली बसवलं आणि हनुवटीनं पुढे खूण केली. पुढच्या रांगेत पिवळ्या जाकिटातली एक तरुण बाई एकटीच बसली होती. तिच्या हातात चहाचा पेला होता. ती वळली नाही. तिची मान ताठ होती आणि नजर मैदानावर होती. व्हर्लिननं ही मान ओळखली. इतकी वर्षं तो काचेच्या खोलीत बसला होता, तेव्हा ती मान मागून कशी दिसते हे त्यानं कधी पाहिलं नव्हतं. त्याला इतकी लाज वाटली की कानाच्या पाळ्या जळू लागल्या.

ओलेटानं पिशवीतून अंजिराच्या मुरंब्याची बरणी काढली आणि पुढे वाकून तिच्या मांडीवर ठेवली. "घरच्या झाडाचा आहे. घे."

"थँक यू, मॅम," ती पुढेच बघत म्हणाली. "पण ठेवू कुठे? आमची खोकी अजून उघडली नाहीत."

"मग चमचा घे आणि इथंच खा."

तेवढ्यात तिच्या नवऱ्यानं पुन्हा फेकायला लावलं. चेंडू पोराच्या बोटांना लागून खाली पडला आणि सगळं स्टेडियम त्याला गाढव म्हणून ओरडलं. व्हर्लिन बसूनच राहिला. मग पुढे वाकून, त्या ताठ मानेला ऐकू जाईल इतपतच म्हणाला, "डाव चांगला होता, बाई. पोर एकटं मोकळं होतं. हातातून निसटला, एवढंच."

अकरा गावांत, कुठल्याही रांगेत, ओलेटाला हे वाक्य कुणी ऐकवलं नव्हतं. पिवळ्या जाकिटातली मुलगी तेव्हा मागे वळली.